माणशी 167 ग्रॅम: रेशनच्या धान्याचा हिशेब

दिवसाला माणशी 167 ग्रॅम. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिन्याला 5 किलो धान्य मिळते. त्याला तीसने भागले की हा आकडा येतो. ‘रेशनवाल्यांना सगळे फुकट मिळते’ असे कुणी म्हणाले, की आधी हा आकडा समोर ठेवावा.

गहू-तांदळाचे प्रमाण त्या त्या महिन्याच्या नियतनाप्रमाणे बदलते. 2 किलो गहू आणि 3 किलो तांदूळ धरू. म्हणजे दिवसाला साधारण दोन पोळ्यांची कणीक आणि 100 ग्रॅम, लहान वाटीभर, तांदूळ. यातून सुमारे 580 किलोकॅलरी मिळतात. मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या पुरुषाची रोजची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये 2710 किलोकॅलरी ठरवली आहे. म्हणजे रेशनमधून जेमतेम पाचवा हिस्सा भागतो. नुसत्या धान्यापुरते पाहिले, तर 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात ग्रामीण भारतात माणशी महिन्याला सुमारे 9.6 किलो आणि शहरात 8 किलो तृणधान्य खाल्ले जात होते. रेशनने त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग उचलला; उरलेला वाण्याकडून.

‘मोफत’ची किंमत 65 रुपये

पाच जणांचे कुटुंब घ्या. रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा उमटला, की 25 किलो धान्य काट्यावर चढते: 15 किलो तांदूळ, 10 किलो गहू. 1 जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत झाले. त्यापूर्वी तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो होता. म्हणजे या पिशवीचे 65 रुपये द्यावे लागत. ‘मोफत’ झाल्यावर कुटुंबाचे महिन्याला वाचले ते हेच 65 रुपये.

पण त्याच तारखेला आणखी एक गोष्ट झाली. करोनाकाळात एप्रिल 2020 पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून माणशी 5 किलो जादा धान्य फुकट मिळत होते. मधला पाच महिन्यांचा खंड वगळता ते 28 महिने मिळाले. डिसेंबर 2022 अखेर ते थांबले. कुटुंबाचे 50 किलो पुन्हा 25 किलोंवर आले. गेलेले 25 किलो बाजारातून 35 रुपये किलोने घ्यायचे म्हटले, तर 875 रुपये लागतात. त्यातून वाचलेले 65 वजा केले तरी महिन्याला 810 रुपयांचा खड्डा पडतो. घोषणा ‘मोफत’ची झाली, पिशवी मात्र अर्धी झाली.

याचा अर्थ रेशन कुचकामी आहे असा नाही, उलटच आहे. उरलेल्या 25 किलोंची त्याच भावाने बाजारातली किंमत 875 रुपये होते. मोलमजुरीच्या घरात ती रक्कम दर महिन्याला नक्की वाचते, काम मिळो वा न मिळो. रेशनचा खरा आधार या खात्रीत आहे.

सात माणसांची सीमा

सर्वांत गरिबांसाठी अंत्योदय कार्ड. तिथे हिशेब माणशी नाही, कार्डामागे आहे: कुटुंब कितीही जणांचे असो, 35 किलो. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला हे मोठे बळ आहे. सात माणसांच्या घरात मात्र ते माणशी बरोबर 5 किलो होते, आणि घरात आठवे माणूस वाढले की 4.4 किलो. तेच आठ जण प्राधान्य कुटुंबात असते, तर त्यांना 40 किलो मिळाले असते.

दोन्ही कार्डांवर जे मिळते ते मुख्यतः धान्यच. पोळीबरोबर लागणारी डाळ आणि फोडणीचे तेल विकतचे. 2022 च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने 100 रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला: रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी 1 किलो, पामतेल 1 लिटर. दुकानांपुढे रांगा लागल्या त्या या डाळ-तेलासाठी. सणाला लागते ते रोजही लागते, एवढे त्या रांगांनी सांगितले.

इष्टांकाचे कुलूप

महाराष्ट्रात हा कायदा 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. ग्रामीण लोकसंख्येच्या 76.32 टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या 45.34 टक्के लोकांना लाभ द्यायचा, असे ठरले. लोकसंख्या धरली ती 2011 च्या जनगणनेची, म्हणजे 11 कोटी 24 लाख. त्यातून राज्याचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची कमाल संख्या, निघाला सुमारे 7 कोटी. त्यानंतर राज्याची लोकसंख्या वाढत गेली, तरी इष्टांक त्या जुन्या गणनेलाच बांधलेला राहिला. इष्टांक भरला, की पात्र असूनही नव्या अर्जदाराला थांबावे लागते: कुणाचे नाव कमी झाले, तरच जागा होते.

उत्पन्नाची मर्यादाही त्याच काळातली. प्राधान्य कुटुंबासाठी ती ग्रामीण भागात वर्षाला 44,000 आणि शहरात 59,000 रुपये ठरवली गेली. 2024-25 मध्ये राज्यात रोजगार हमीचा दर 297 रुपये होता. नवरा-बायकोने प्रत्येकी 75 दिवस काम केले, तरी घरात 44,550 रुपये येतात. वर्षाचे उरलेले 290 दिवस बिनकामाचे गेले तरी कागदावर हे कुटुंब मर्यादेबाहेर.

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तिचे आकडे हाती आल्यावर इष्टांक नव्याने काढावाच लागेल. त्याच वेळी उत्पन्नमर्यादा मजुरीच्या दराशी जोडावी, आणि डाळ-तेल सणापुरते न ठेवता दरमहा द्यावे. धान्य पोचवणारी यंत्रणा गावोगाव उभी आहे. दुरुस्ती हवी आहे ती आकड्यांत.