दोन धरणीकंप आणि नंतरची तेरा वर्षे

२०१० सालच्या पहिल्या दोन महिन्यांत पश्चिम गोलार्धात दोन मोठे धरणीकंप झाले: १२ जानेवारीस हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स हिच्यापासून अवघ्या पंचवीस किलोमीटरांवर ७.० तीव्रतेचा, आणि २७ फेब्रुवारीस चिलीच्या किनाऱ्यालगत ८.८ तीव्रतेचा. दुसऱ्यात मोकळी झालेली ऊर्जा पहिल्याच्या सुमारे पाचशे पट होती; तरीही चिलीतील मृतांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास थांबली आणि हैतीतील लाखाच्या पलीकडे गेली. हैतीचा धक्का उथळ होता व दाट वस्तीच्या उशाशी बसला, चिलीचा समुद्रतळाखाली अधिक खोल होता, हे मान्य केलेच पाहिजे; परंतु भूगर्भाचा वाटा त्याच्या पदरात टाकल्यावरही जी तफावत उरते ती मनुष्यकृत आहे, आणि तिचा मागोवा घ्यायचा तर १७७० पर्यंत मागे जावे लागते.

त्याआधी मृतांच्या गणतीविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. चिलीच्या सरकारने प्रथम आठशेंवर मृत जाहीर केले, मग बेपत्ता व्यक्ती चुकून मृतांत धरल्या गेल्याचे ध्यानी येताच तो आकडा खाली आणला आणि नावानिशी यादी प्रसिद्ध केली. हैतीत सरकारचा आकडा तीन लाखांच्या वर, अन्य अंदाज त्याहून पुष्कळच कमी. ज्या कचेऱ्यांनी गणती करावयाची त्यांच्यापैकी बहुतेक स्वतःच जमीनदोस्त झाल्या होत्या, राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद कोसळला होता, आणि प्रेते सामुदायिक खड्ड्यांत पुरली जात होती. आपले मृत कोण होते हे नेमके सांगता येणे ही देखील ऐपतीची गोष्ट आहे, आणि दारिद्र्याच्या या अंगाकडे अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष सहसा जात नाही.

३ जून १७७० रोजी याच पोर्ट-ओ-प्रिन्सची धूळधाण झाली तेव्हा तेथील फ्रेंच अंमलदारांनी दगडी बांधकामास मनाई करून लाकडी घरे बांधण्याचा हुकूम काढला होता. पुढे दीडशे वर्षे राजधानीला मोठा धक्का बसला नाही. शहराला भय उरले ते आगीचे आणि वादळांचे, आणि १९२५ मध्ये उलट हुकूम निघून नवी बांधकामे दगडविटांची, काँक्रीटची वा लोखंडाची करणे सक्तीचे झाले. दोन्ही हुकूम आपापल्या काळी शहाणपणाचेच होते! मात्र काँक्रीटचे घर धक्क्यात तगायचे तर सळ्या पुरेशा हव्यात, वाळू स्वच्छ हवी आणि तपासणारा अधिकारी हवा. यांपैकी काहीच नसता २०१० मध्ये वादळाला दाद न देणारा जड स्लॅब खालच्या कृश खांबांसकट झोपलेल्यांच्या आणि जागत्यांच्या अंगावर आला. जुन्या धाटणीची नक्षीदार लाकडी घरे मात्र पुष्कळशी उभी राहिली. १९९३ मधील किल्लारीचा धरणीकंप ज्यांना आठवतो त्यांना याचे नवल वाटणार नाही: तेथेही रुंद दगडी भिंतींच्या, मातीचा जाड थर दिलेल्या माळवदांच्या घरांनी माणसे गाडली, आणि गवताने शाकारलेल्या कुडाच्या झोपड्यांतले गरीब वाचले.

मग हैतीने बांधकामाचा कायदा का केला नाही? १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवणाऱ्या या मुलुखावर १८२५ साली फ्रान्सने, माजी मळेवाल्यांची नुकसानभरपाई म्हणून, पंधरा कोटी फ्रँकांचा बोजा युद्धनौकांच्या धाकाने लादला. तो पुढे नऊ कोटींवर आला, तरी त्यापायी काढलेल्या कर्जांची फेड १९४७ पर्यंत चालली. ज्या खजिन्यातून शाळा, रस्ते आणि तपासनीसांचे पगार निघावयाचे तो सव्वाशे वर्षे दुसऱ्याच्या दारी रिता होत राहिला. त्यानंतरच्या हुकूमशहांनी उरलेसुरले लुटले, हेही खरे. सारा दोष पॅरिसच्या माथी मारून चालणार नाही.

चिली तरी १९३९ साली श्रीमंत कोठे होता? त्या वर्षी चिल्यान येथील धक्क्यात हजारो माणसे मेली. परंतु १९२८ च्या ताल्का येथील विध्वंसानंतर बांधकामाचे नियम करण्यास जो आरंभ झाला होता तो तेथे खुंटला नाही. १९६० चा ९.५ तीव्रतेचा, आजवर नोंदलेल्यांत सर्वांत प्रचंड धरणीकंप पचवून नियम अधिक कडक होत गेले. पिढीगणिक एक धक्का बसत गेल्याने विस्मृतीला सवडच मिळाली नाही, हे चिलीचे दुर्दैवातले सुदैव. इमारतीच्या सांगाड्यात दोष निघाल्यास पहिल्या विक्रेत्याला दहा वर्षे जबाबदार धरणारे कलम हे माझ्या मते त्या सर्व नियमांचे मर्म आहे. अर्थात २०१० मध्ये तेथेही सर्व आलबेल नव्हते: कोन्सेप्सियोन येथील ‘आल्तो रिओ’ ही नवी कोरी पंधरा मजली इमारत आडवी होऊन आठ माणसे दगावली, संबंधितांवर फौजदारी खटला चालला, आणि त्सुनामीचा इशारा अकाली मागे घेतला गेल्याने किनाऱ्यावरच्या अनेकांचे प्राण गेले. त्या चुकीचा बोध मात्र वाया गेला नाही. २०१५ मध्ये ८.३ तीव्रतेचा धक्का बसताच सुमारे दहा लाख लोक किनाऱ्यावरून हलवले गेले आणि मृत्यू पंधराच्या आसपास राहिले.

पैशाच्या तराजूत चित्र उलटे दिसते. २०१० च्या धक्क्यांत चिलीचे नुकसान सुमारे तीस अब्ज डॉलर, हैतीचे आठ अब्जांहूनही कमी. पण ते आठ अब्ज हैतीच्या संपूर्ण वर्षाच्या उत्पन्नाहून अधिक होते. त्यातच ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून पटकीची साथ पसरली आणि तिने हजारो बळी घेतले. २०२१ मध्ये हैतीच्या दक्षिण द्वीपकल्पात ७.२ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा बावीसशेंहून अधिक माणसे पुन्हा ढिगाऱ्याखाली गेली.

निकोलस अँब्रेझिस आणि रॉजर बिल्हॅम या दोन भूकंपतज्ज्ञांनी २०११ मध्ये असा हिशेब मांडला की, मागील तीस वर्षांत धरणीकंपाने इमारती कोसळून झालेल्या मृत्यूंपैकी ८३ टक्के मृत्यू, उत्पन्नाच्या मानाने जेथे लाचलुचपत अपेक्षेहून अधिक आहे अशा देशांत घडले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात झालेल्या धरणीकंपात त्याचे प्रत्यंतर आले. देश हैतीसारखा कंगाल नव्हे. नियमही अद्ययावत होते. परंतु २०१८ मध्ये सरकारने ठराविक रक्कम भरून घेऊन लक्षावधी बेकायदा बांधकामे नियमित करून दिली होती, ही रीत आपल्याकडील वाचकांनाही अपरिचित नसावी. पन्नास हजारांहून अधिक माणसे मेल्यानंतर ठेकेदारांची धरपकड झाली. ज्यांच्या सहीने परवाने निघाले त्या अधिकाऱ्यांवर मात्र तेथील कायद्याप्रमाणे सरकारची पूर्वपरवानगी असल्याखेरीज खटला भरता येत नाही.