सांवेर रोडच्या पोटातील रंग

इंदूरहून उत्तरेकडे उज्जैनच्या दिशेने जाणारा सांवेर रोड औद्योगिक वसाहत मागे टाकून गहू-सोयाबीनच्या सपाट शेतांत शिरतो, तेव्हा ज्वालामुखीची खूण म्हणून वर दिसते ती केवळ काळी माती. वास्तविक माळव्याचे हे पठार सह्याद्रीप्रमाणेच सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचातील भेगांमधून वाहिलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून बनले आहे. मात्र येथे डोंगरकडे नसल्याने त्या थरांचे रंग उघडे पडतात ते विहीर किंवा बोअर खोदतानाच.

बोअरच्या यंत्रातील कॉम्प्रेसरची दाबाखालची हवा तळाशी हातोडा चालवते आणि फुटलेल्या खडकाचा चुरा वर फेकते. आरंभी येणारी काळी माती पाण्याने फुगणाऱ्या व उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या चिकणमातीची असते. तिच्याखाली पिवळसर तपकिरी मुरूम, म्हणजे झिजून ठिसूळ झालेला बेसॉल्ट खडक लागतो, आणि हा सैल भाग ढासळू नये म्हणून पक्क्या खडकापर्यंत केसिंग पाइप बसवतात. पुढे राखाडी भुकटी उडू लागली की लाव्हाथराचा घट्ट गाभा लागला, असे समजावे. खोलवर कधी तो चुरा एकाएकी विटकरी होतो. दोन उद्रेकांमधील दीर्घ विरामात जुन्या थराचा माथा झिजून त्याची माती झाली, तिच्यातील लोहाच्या ऑक्साइडने तिला तांबडा रंग दिला आणि नंतरच्या तप्त लाव्हाने ती झाकली गेली. यालाच भूशास्त्रात ‘रेड बोल’ म्हणतात. त्याखालच्या थराच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली छिद्रे असतात व त्यांत पांढरे झिओलाइट, कॅल्साइट आणि क्वचित हिरवट सेलॅडोनाइट ही खनिजे भरलेली आढळतात.

या रंगांवरून पाण्याचाही अंदाज बांधता येतो. घट्ट गाभ्यात पाणी केवळ भेगांत मिळते, तांबडा थर चिकणमातीचा असल्याने पाणी सहसा पुढे जाऊ देत नाही, तर झिजलेल्या, भेगाळलेल्या भागांत आणि दोन थरांच्या सांध्यांवर ते मिळण्याची शक्यता अधिक असते. म्हणून बोअर करवून घेणाऱ्याने चुऱ्याचा रंग, त्याची खोली व पाणी लागल्याची जागा वहीत टिपून ठेवावी. शेजारच्या पुढील बोअरला त्या नोंदीचा उपयोग होतो.