काढून घेतलेला लोलक

लबाड माणूस आज ना उद्या ओळखू येतो. ओळखणे कठीण असते ते मनापासून खोटे सांगणाऱ्याला. आणि तो माणूस आपणच असलो म्हणजे तर फारच कठीण. कावीळ झालेल्याला सारे पिवळे दिसते, असे आपण म्हणतो खरे. पण ते म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे नेहमी दुसऱ्याचीच कावीळ असते.

अशा भ्रमात अडाणी माणसेच सापडतात, ही आपली समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले. पुढे १९०३ मध्ये फ्रान्समधील नान्सी येथील प्राध्यापक ब्लाँडलो यांनी आणखी एका नव्या किरणांची घोषणा केली व आपल्या गावाच्या आद्याक्षरावरून त्यांना ‘एन्-किरण’ हे नाव दिले. हे किरण पडले की अंधुक प्रकाश किंचित उजळतो, असे त्यांचे म्हणणे. तो उजळला की नाही हे अंधाऱ्या खोलीत नुसत्या डोळ्यांनी ठरवायचे! फ्रान्समधील अनेक विद्वानांना ते दिसू लागले. माणसाच्या स्नायूंतून आणि मज्जातंतूंतून ते निघतात, असेही एकाने सांगितले. परदेशांतील नामवंत शास्त्रज्ञांना मात्र काही केल्या दिसेनात. तेव्हा उत्तर मिळाले, दोष त्यांच्या डोळ्यांचा!

१९०४ साली रॉबर्ट वुड हे अमेरिकन शास्त्रज्ञ स्वतः नान्सीला गेले. तेथील उपकरणात किरणांना वळवणारा ॲल्युमिनियमचा लोलक होता. अंधारात वुड यांनी तो हळूच काढून घेतला. तरीही किरण पूर्वीच्याच जागी ‘दिसत’ राहिले! ही हकिकत ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली आणि फ्रान्सबाहेर त्या किरणांवर कोणाचा विश्वास उरला नाही.

ब्लाँडलो ढोंगी होते काय? मुळीच नाही. विद्युत्-लहरींच्या वेगावरील त्यांचे काम चांगले मानले जात होते. चूक इतकीच झाली, की आपण चुकलो तर ते आपल्याला कळावे, अशी सोय त्यांनी ठेवली नाही. किरण दिसले तर सिद्धांत खरा. न दिसले तर पाहणारा कच्चा! अशा सिद्धांताला कोण हरवणार?

आपल्या घरातही असे किरण असतात. ‘अमक्याचे तोंड पाहिले की काम बिघडते,’ असे आपण म्हणतो. काम बिघडले तो दिवस ध्यानात राहतो. सुरळीत पार पडले ते दिवस कोण मोजतो? महिनाभर दोन्हींची नोंद वहीत करून पाहावी. त्यापायी एखाद्या निरपराध माणसाकडे आपण वर्षानुवर्षे तोंड फिरवीत आलो असू, तर त्या वहीचे मोल मोठे आहे.

नम्रता म्हणजे ‘मी पामर काय जाणणार’ असे म्हणणे नव्हे. तसे म्हणूनही हट्ट सोडू नये, हे आपल्याला चांगले जमते. आपल्या समजुतीतला लोलक दुसऱ्याला काढू द्यावा आणि मग जे दिसेल, किंवा दिसणार नाही, ते प्रांजळपणे सांगावे, हीच खरी नम्रता.