रीप्लेगेन
रीप्लेगेन : अंकीय संगीताच्या निरनिराळ्या फाइली सारख्याच मोठेपणाने ऐकू याव्यात म्हणून त्यांत आवाजाविषयीची नोंद (टॅग) ठेवण्याची पद्धत. डेव्हिड रॉबिन्सन यांनी ती २००१ मध्ये मांडली.

अंकीय ध्वनिमुद्रणात तरंगाच्या शिखराला कमाल मर्यादा असते. परंतु प्रबलता, म्हणजे कानाला जाणवणारा मोठेपणा, मुख्यत्वे सरासरी ऊर्जा व कंप्रता यांवर अवलंबून असते. त्यामुळे शिखरे दाबून सरासरी पातळी चढविलेले गीत त्याच मर्यादेत अधिक मोठे वाटते. १९९० नंतर अशा चढविण्याची स्पर्धाच लागली.

मूळ पद्धतीत ध्वनी कानाच्या संवेदनक्षमतेनुसार गाळून ५० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत विभागतात. तुकड्यांच्या पातळ्या चढत्या क्रमाने लावून ९५ टक्क्यांच्या स्थानावरील मूल्य प्रातिनिधिक मानतात. ८९ डेसिबेल या रूढ संदर्भपातळीशी त्याचा फरक, उदा., −७·५ डेसिबेल, फाइलीत नोंदवितात. मूळ ध्वनी अबाधित राहतो. वाजविणारी प्रणाली तेवढीच घट वा वाढ करते. शिखरमूल्याचीही नोंद असल्याने वाढीमुळे होणारे विरूपण टाळता येते.

गीत व अल्बम यांसाठी स्वतंत्र मूल्ये असतात. आलाप व झाला वेगळ्या फाइलींत असल्यास अल्बममूल्य वापरणे इष्ट. अन्यथा आलापाचा मूळचा हळुवारपणा लोपतो.

युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१० मध्ये प्रसारणासाठी आर १२८ ही प्रबलतेवर आधारित शिफारस केली. अशा समानीकरणाने आवाज चढविण्याचा लाभ उरत नाही. मात्र ध्वनिमुद्रणातच दडपले गेलेले चढउतार त्यामुळे परत मिळत नाहीत.