पांदणीचे हादरे आणि जादा पाट्याची किंमत

कापूस वेचणीला वेग आला की पांढरकवड्याच्या बाजाराकडे येणाऱ्या पिकअप गाड्यांची संख्या वाढते. नागपूर-हैदराबाद महामार्ग क्रमांक ४४ शहराजवळून जातो. पण केळापूर तालुक्यातल्या कापसाच्या वाटेतला सर्वांत खडतर टप्पा महामार्गाच्या अलीकडे असतो, शेत ते गाव या पांदणीवर. या वाटेवरच्या खर्चाचा हिशेब गाडीमालक टायर, पाटे आणि डिझेल यांत मांडतो. चालकाच्या कंबरेचा खर्च मात्र कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

पांदण इतकी खराब का होते, याचे उत्तर मातीत आहे. विदर्भातल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट या प्रकारच्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या दिवाळीनंतर दगडासारख्या टणक होतात. वर मुरूम पसरला तरी खालची माती दर पावसाळ्यात हलते आणि मुरूम तिच्यात रुतत जातो. बाजूला नाली नसेल तर हे आणखी लवकर घडते.

कंबरेला कोणता हादरा बाधतो?

झोपाळ्याला स्वतःची एक लय असते. त्या लयीत हलका धक्का दिला तरी झोका वाढत जातो. बसलेल्या माणसाच्या शरीराचेही तसेच आहे. खालून वर येणारे हादरे सेकंदाला ४ ते ८ या लयीत आले, तर शरीर ते शोषण्याऐवजी वाढवते. शरीराला बसणाऱ्या कंपनांचे मोजमाप ठरवणारे आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक याच पट्ट्यातल्या उभ्या हादऱ्यांना सर्वाधिक वजन देते. असे हादरे वर्षानुवर्षे बसत राहिले, तर कंबरदुखी आणि पायात उतरणारी कळ यांचा धोका वाढतो. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात कामगारांसाठी आठ तासांच्या हिशेबाने दोन पातळ्या ठरवल्या. कंपन ०.५ मीटर प्रति वर्ग सेकंदाच्या वर गेले की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ ची मर्यादा ओलांडू द्यायची नाही.

आता पांदणीचा साधा हिशेब करून पाहा. खड्डे साधारण एक-एक मीटरवर आहेत आणि गाडी ताशी १८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर जात आहे. चाकाला सेकंदाला ५ धक्के बसतील, म्हणजे कंबरेला नकोशा असलेल्या नेमक्या पट्ट्यात. वेग ताशी ९ किलोमीटरवर आणला तर धक्के अडीचवर येतात आणि प्रत्येक धक्क्याचा जोरही घटतो. जुन्या बैलगाडीला पाटे नव्हते, तरी तिचा वेग माणसाच्या चालीचा होता. त्याच खड्ड्यांवर तिला सेकंदाला जेमतेम एक धक्का बसे.

पाटे भरलेल्या गाडीसाठी असतात

बहुतेक पिकअप गाड्यांच्या मागच्या चाकांवर एकावर एक बसवलेले पोलादी पाटे असतात. पूर्ण ओझे पेलता यावे म्हणून ते मुद्दाम कडक केलेले असतात. रिकामी गाडी जास्त उडते ती यामुळेच. समजा, रिकाम्या गाडीचा मागच्या पाट्यांवरचा भार ४ क्विंटल आहे आणि कापूस भरल्यावर तो १६ क्विंटल होतो. भार चौपट झाला की गाडीच्या वर-खाली होण्याची लय निम्मी होते. म्हणजे भरलेली गाडी सेकंदाला दीड वेळा डोलत असेल, तर तीच गाडी रिकामी असताना तीन वेळा उसळते.

इथेच हंगामातली नेहमीची चूक होते. जास्त माल बसावा म्हणून गॅरेजमध्ये एक-दोन जादा पाटे टाकून घेतले जातात. सारख्या ताकदीच्या सहा पाट्यांचे आठ केले की कडकपणा सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. रिकाम्या गाडीची लय तीनवरून साडेतीनच्या जवळ पोहोचते. शरीराचा नाजूक पट्टा चारपासून सुरू होतो. हंगाम काही महिन्यांचा असतो, पण वाढवलेले पाटे वर्षभर तसेच राहतात आणि रिकाम्या प्रत्येक फेरीत चालकाची कंबर त्यांची किंमत मोजते. शिवाय पाटे वाढवल्याने ब्रेक, टायर किंवा धुरा यांची क्षमता वाढत नाही आणि कायद्याने ठरलेली भारमर्यादाही बदलत नाही.

याच्या उलट, गाडी मऊ व्हावी म्हणून पाटा काढून टाकणेही धोक्याचे आहे. कापूस वजनाने हलका आणि आकाराने मोठा असतो, म्हणून गाडी उंच भरली जाते. पाटे मऊ झाले की उंच भरलेली गाडी वळणावर जास्त कलते.

आधी कमी खर्चाचे उपाय

पहिला उपाय हवेचा. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे आणि हवा जितकी जास्त तितकी ती कडक. ओझ्यासाठी भरलेली हवा रिकाम्या फेरीतही तशीच ठेवली, तर प्रत्येक ढेकूळ जाणवते. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत रिकामी आणि भरलेली अशा दोन अवस्थांसाठी हवेचे वेगळे आकडे दिलेले असतात. ते पाळावेत आणि टायर थंड असताना हवा मोजावी. मात्र कमी हवेवर माल भरून महामार्गावर जाऊ नये. टायरच्या बाजू वारंवार दबून तापतात आणि टायर फुटू शकतो.

दुसरा उपाय शॉकअपचा. पाटा धक्का झेलतो, पण त्यानंतरचे उसळणे थांबवण्याचे काम शॉकअप करतो. त्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. शॉकअपवर तेल ओघळलेले दिसणे, टायर जागोजागी खळगे पडल्यासारखा झिजणे, खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ डोलत राहणे ही तो संपल्याची लक्षणे आहेत. अशा गाडीचे चाक उसळून जमीन सोडते आणि तेवढा वेळ ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निकामी असतात.

तिसरा उपाय सफाईचा. पाट्यांमध्ये शिरलेला चिखल वाळला आणि गंज चढला की पाटे एकमेकांवर सरकत नाहीत. मग लहान धक्के थेट सांगाड्याकडे जातात. पावसाळा संपल्यावर पाटे धुऊन घ्यावेत. तुटका पाटा, झिजलेले रबरी बुश आणि ढिले यू-बोल्ट तपासून घ्यावेत. जास्त आधार खरोखरच हवा असेल, तर ओझे आल्यावरच टेकणाऱ्या मदतनीस पाट्याबद्दल गाडीच्या अधिकृत केंद्रात विचारावे. असा पाटा रिकाम्या गाडीला कडक करत नाही.

बसून दबलेला सीटचा फोम बदलणे हा पाट्यांपेक्षा स्वस्त उपाय आहे. पाठ टेकलेली राहील आणि पेडलसाठी पाय ताणावा लागणार नाही, इतके सीट पुढे घ्यावे. मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवावे.

गाडीतून उतरल्यावर

बराच वेळ हादरे खाल्ल्यावर पाठीचे स्नायू थकलेले असतात. त्याच क्षणी वाकून गाठोडे उचलणे मणक्यांमधल्या चकत्यांसाठी वाईट. पाच-दहा मिनिटे चालून मगच माल उतरवायला लागावे. कळ पायात उतरत असेल तर तपासणी करून घ्यावी. पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठावे.

सर्वाधिक हादरे मात्र चालकाला बसत नाहीत. ते बसतात मागच्या धुऱ्यावर, उघड्या डाल्यात बसून वेचणीला जाणाऱ्या मजूर महिलांना. तिथे ना सीट, ना पाठीला टेकू. मालवाहू गाडीतून अशी माणसे नेणे नियमबाह्य आहे आणि गाडी उलटली तर जिवावर बेतते. गर्भवती महिलेने तर असा प्रवास टाळायलाच हवा.

मूळ दुखणे रस्त्याचे आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना रोजगार हमीच्या कामांशी जोडून आणली. गावाने पांदणीचे काम मागताना मुरमाबरोबर दोन्ही बाजूंच्या नाल्यांचाही आग्रह धरावा, कारण पाणी निघून गेले तरच काळ्या मातीवरचा रस्ता टिकतो. तोवर हवा मोजणे, शॉकअप पाहणे आणि पांदणीवर वेग अर्धा करणे एवढे प्रत्येक गाडीमालकाच्या हातात आहे.