सीझन तोंडावर आला की रोपवे बंद का ठेवतात? त्या दिवसांत नेमकं काय चालतं?

रायगडाचा रोपवे किंवा सप्तशृंग गडावरची ट्रॉली देखभालीसाठी बंद राहणार, अशी बातमी आली की खाली कमेंट ठरलेल्या असतात. ‘आत्ताच सुचलं का?’, ‘म्हाताऱ्या माणसांनी काय पायऱ्या चढायच्या?’, ‘वर्षभर काय झोपले होते?’

राग समजण्यासारखा आहे. रायगडाच्या पायऱ्या दीड हजाराच्या घरात आहेत. आई-वडिलांना घेऊन लांबून आलेल्या माणसाला पायथ्याशी ‘बंद’ची पाटी दिसली, तर तो वैतागणारच. पण त्या पाटीमागे काय चालू असतं हे कळलं, तर बंद असलेल्या रोपवेपेक्षा कधीच बंद न राहणाऱ्या रोपवेची जास्त भीती वाटेल.

आधी कारखान्याचं उदाहरण बघू

अणदूर, नळदुर्ग भागातून रायगड किंवा वणी गाठायची तर शेकडो किलोमीटरचा प्रवास आहे. पण सीझनआधीची दुरुस्ती म्हणजे काय, हे धाराशिव-सोलापूर पट्ट्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. साखर कारखाना त्याने पाहिलेला असतो.

गाळप संपलं की कारखान्याचा ऑफ सीझन सुरू होतो. मिलचे रोलर उतरवले जातात, बेअरिंग तपासले जातात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात. मग रोलर पूजन, बॉयलर अग्निप्रदीपन आणि त्यानंतर मोळी. कारण चालू गाळपात मशीन बंद पडली, तर ऊस शेतात आणि गाड्या गेटवर उभ्या राहतात.

रोपवेचंही गणित हेच आहे. फरक एवढाच, की इथे मधेच मशीन बंद पडली तर माणसं हवेत लटकून राहतात.

परदेशात स्कीइंगच्या डोंगरांवर हे दर वर्षी होतं. तिथे बर्फावर घसरत खाली यायचं आणि दोराला टांगलेल्या खुर्चीत बसून पुन्हा वर जायचं. या खुर्च्यांच्या रोपवेला चेअरलिफ्ट म्हणतात. जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेतल्या सन व्हॅली इथे सुरू झाली. ती बनवणारे इंजिनिअर जेम्स करन यांना कल्पना सुचली होती ती जहाजात केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून. आकड्यांना केळीऐवजी खुर्च्या लावायच्या, एवढाच विचार होता.

आपल्याकडे बिहारमधल्या राजगीरला विश्व शांती स्तूपाकडे जाणारी एकेका खुर्चीची जुनी चेअरलिफ्ट प्रसिद्ध आहे. उत्तराखंडात औलीलाही चेअरलिफ्ट आहे. महाराष्ट्रात रायगडाचा रोपवे १९९६ पासून सुरू आहे, म्हणजे त्याला आता तीस वर्षं होतायत. सप्तशृंग गडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. ती हवेतून जात नाही, रुळांवरून चढते. पण तिलाही ओढतो तो दोरच.

दोर जुना झाला, हे कसं कळतं?

हा दोर म्हणजे स्टीलच्या बारीक तारांचा पीळ असतो. अनेक तारांची एक लड आणि अशा काही लडी मिळून एक दोर. पुलीवरून जाताना तो वाकतो, पुढे गेला की सरळ होतो. दिवसभर हेच चालतं. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती शेवटी तुटते, हे आपण हाताने करून बघितलेलं असतं. दोरातल्या तारांचंही तेच होतं, फक्त हळूहळू.

अडचण अशी, की बऱ्याचदा आतल्या तारा आधी तुटतात आणि वरून दोर ठणठणीत दिसतो. म्हणून त्याची चुंबकीय तपासणी करतात. दोर एका यंत्रातून सरकवला जातो. आत कुठे तार तुटली असेल किंवा गंजून बारीक झाली असेल, तर तिथे चुंबकीय क्षेत्रात फरक पडतो आणि ती जागा पकडली जाते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तारा गेल्या असतील तर दोर बदलावा लागतो. हे काम लोकांची ये-जा चालू ठेवून होत नाही.

दोर झाला, मग बाकी काय?

ग्रिप : खुर्ची किंवा केबिन दोराला ज्या चिमट्याने धरून असते तो भाग. तो खोलून त्यात बारीक चीर पडली आहे का ते बघतात. पक्क्या ग्रिपच्या चेअरलिफ्टमध्ये खुर्च्या ठरावीक काळाने दोरावर थोड्या पुढे-मागे सरकवतात. नाहीतर दोराच्या त्याच जागेवर कायम ताण येतो.

टॉवरवरच्या पुल्या : त्यांच्या खाचेत रबर असतं. ते झिजलं की दोर घासतो, धक्के बसतात. बेअरिंगला ग्रीस, झिजलेलं रबर बदलणं आणि पुली एका रेषेत आहे का हे तपासणं, ही सगळी कामं टॉवरवर चढून करावी लागतात.

ब्रेक : रोपवेला एकावर विसंबत नाहीत. रोजचा ब्रेक वेगळा, इमर्जन्सीचा वेगळा. चढावर वीज गेली तर भरलेल्या खुर्च्या स्वतःच्या वजनाने उलट्या धावू शकतात. जॉर्जियातल्या गुदौरी इथे मार्च २०१८ मध्ये असंच झालं. चेअरलिफ्ट उलटी सुटली, लोकांनी खुर्च्यांवरून उड्या मारल्या आणि अनेक जण जखमी झाले.

ट्रायल : सगळं जोडून झाल्यावर माणसांऐवजी तेवढ्याच वजनाची पाण्याची पिंपं किंवा वाळूची पोती भरून रोपवे चालवतात आणि मुद्दाम ब्रेक मारून बघतात. डिझेल इंजिनवर दोर फिरतो का तेही याच वेळी तपासतात. अडकलेल्या माणसाला दोरीने खाली कसं उतरवायचं, याची रंगीत तालीमही होते.

‘चालतंय ना, चालू दे’ म्हटलं की काय होतं?

इटलीतल्या मोत्तारोने डोंगरावर १९७० पासूनची केबल कार होती. कोविडच्या बंदीनंतर ती नुकतीच पुन्हा सुरू झाली होती आणि पर्यटक येऊ लागले होते. तिचा इमर्जन्सी ब्रेक सारखा आपोआप लागत होता. दुरुस्ती करायची तर बंद ठेवावी लागणार. मग सेवा थांबू नये म्हणून ब्रेक लागूच नये अशी पट्टी त्याला अडकवण्यात आली. २३ मे २०२१ ला ओढणारा दोर तुटला. केबिनला धरून ठेवायला ब्रेकच नव्हता. १४ जणांचा जीव गेला, वाचला तो एक लहान मुलगा.

३ सप्टेंबर २०२५ ला पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये ग्लोरिया फ्युनिक्युलरचा दोर तुटला आणि १६ जण गेले. त्याच दिवशी सकाळी तिची तपासणी झाली होती. पण दोर जिथे तुटला ती जागा भाग खोलल्याशिवाय दिसतच नव्हती, असं प्राथमिक चौकशीत समोर आलं. शिवाय तो दोर माणसांच्या वाहतुकीसाठी प्रमाणितच नव्हता.

आपल्याकडे झारखंडमधल्या देवघरजवळ त्रिकूट डोंगरावरचा अपघात १० एप्रिल २०२२ चा. दिवस रामनवमीचा, गर्दी मोठी. लोक केबिनमध्ये अडकले, वायुदलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली आणि बचावकार्य ४० तासांहून जास्त चाललं. एकूण तिघांचा मृत्यू झाला. त्यातले दोघं हेलिकॉप्टरने सोडवतानाच खाली पडले. यानंतर केंद्राने राज्यांना पत्र पाठवून प्रत्येक रोपवेचं सेफ्टी ऑडिट करायला आणि देखभालीच्या नोंदी ठेवायला सांगितलं.

मग सीझनच्या तोंडावरच का?

आपल्याकडे गर्दीचे दिवस ठरलेले आहेत. रायगडावर जूनमध्ये शिवराज्याभिषेक, मग दिवाळी आणि हिवाळ्यातल्या सहली. सप्तशृंग गडावर चैत्रोत्सव आणि नवरात्र. या दिवसांत रोपवेवर वर्षातला सगळ्यात जास्त ताण येतो, म्हणून मोठी तपासणी त्याआधी व्हायला हवी. फार आधी केली तर मधल्या पावसाने गंज धरतो, खूप उशिरा केली तर बिघाड सापडूनही पार्ट मागवायला वेळ उरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात लोकांची गैरसोय होतेच की. होते, आणि त्यावर बोलायलाच हवं. बंदच्या तारखा महिनाभर आधी जाहीर कराव्यात, ज्येष्ठ आणि अपंग भाविकांसाठी दुसरी सोय असावी, ही मागणी रास्त आहे. पण ‘गर्दी आहे, दोन दिवस लवकर चालू करा’ हा आग्रह धरू नये. मोत्तारोनेत ब्रेकला पट्टी अडकली ती सेवा थांबू नये या घाईतूनच.

त्यामुळे पुढच्या वेळी बंदची बातमी दिसली, की कमेंटमध्ये तीन प्रश्न विचारा. दोराची चुंबकीय तपासणी शेवटची कधी झाली? पूर्ण वजन भरून ट्रायल झाली का? अडकलेल्यांना उतरवायची तालीम कधी घेतली? नोंदी नीट ठेवल्या असतील, तर या तिन्हींची उत्तरं तारखेसकट देता येतात. आणि घरच्या मोठ्यांना घेऊन निघायच्या आधी रोपवे चालू आहे का, हे फोन करून विचारून घ्या.