आलेख पडद्यावर धूसर का होतो? – स्लाइडमध्ये आलेख नेताना घ्यावयाची काळजी

परिसंवादात निबंध वाचणाऱ्या वैद्याचे, अथवा आपल्या औषधाची गुणवत्ता वितरकांसमोर मांडणाऱ्या फार्मसीचालकाचे, अनेक महिन्यांचे परिश्रम शेवटी पडद्यावरील एखाद्या आलेखात एकवटलेले असतात. तो आलेख घरच्या संगणकावर स्वच्छ दिसतो; सभागृहात मात्र अक्षरांभोवती मळकट कडा उमटते आणि अक्षावरील अंक एकमेकांत मिसळतात. हा केवळ शोभेचा प्रश्न असता तर त्यासाठी येथे जागा खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु आपल्या शास्त्रात मात्रा सूक्ष्म असतात. एक रत्ती म्हणजे १२५ मि.ग्रॅ. हे परिमाण आपण व्यवहारात वापरतो, म्हणजे अर्धी रत्ती ६२.५ मि.ग्रॅ. झाली. धूसर आलेखातून सर्वप्रथम नाहीसे होते ते दशांश चिन्ह, आणि ६२.५ चे ६२५ होतात. रसौषधीच्या बाबतीत ही दसपट मात्रा श्रोत्यांपैकी कोणी वहीत उतरवून घेतली, तर तिचे परिणाम वहीपुरते राहणार नाहीत. फार्मसीचालकांनाही हीच अडचण येते. वनस्पतिजन्य औषधांतील जड धातूंच्या मर्यादा शिसे १०, आर्सेनिक ३, पारद १ व कॅडमियम ०.३ पीपीएम अशा आहेत. यांतील शेवटच्या अंकाचा बिंदू पुसला गेला तर तक्त्याचा अर्थच उलटतो.

देवनागरीत आणखी एक धोका आहे. आपला अनुस्वारही एक बिंदूच. अग्नीच्या अवस्था दाखविणाऱ्या स्तंभालेखात ‘मंद’चा अनुस्वार गेला की ‘मद’ उरतो, आणि तो आपल्याकडे स्वतंत्र व्याधी आहे.

असे का घडते हे समजण्यासाठी संगणकातील चित्रांचे दोन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. पहिल्या प्रकारात चित्र म्हणजे रंगीत चौकोनी ठिपक्यांची जाळी असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. दुसऱ्या प्रकारात ‘या स्थानापासून त्या स्थानापर्यंत अमुक जाडीची रेषा’ अशी कृतीच साठविलेली असते व संगणक ती प्रत्येक वेळी नव्याने रेखाटतो. ठिपक्यांचे चित्र मोठे केले की ठिपके ताणले जातात; रेषांची कृती कितीही मोठी केली तरी कडा तीक्ष्ण राहते. एक्सेलमध्ये तयार झालेला आलेख मुळात दुसऱ्या प्रकारचा असतो. आपणच घाईने त्याचे रूपांतर पहिल्या प्रकारात करतो, आणि तेथून पुढे त्याचा ऱ्हास सुरू होतो.

त्यातही जेपीईजी हा प्रकार आलेखांना विशेष अपायकारक आहे. तो छायाचित्रांसाठी योजलेला आहे. चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातील अतिसूक्ष्म बदल तो टाकून देतो. वनस्पतीच्या पानाच्या छायाचित्रात हे जाणवत नाही, कारण तेथे छटा हळूहळू बदलतात. पांढऱ्यावर काळे अक्षर म्हणजे मात्र सर्वच तीव्र बदल. तो टाकला की अक्षराभोवती ती परिचित मळकट कडा येते. शिवाय प्रत्येक वेळी नव्याने साठविताना हानीची भर पडत जाते. पीएनजी या प्रकारात असे काही टाकले जात नाही. म्हणून वनस्पतींच्या छायाचित्रांसाठी जेपीईजी आणि आलेख व तक्त्यांसाठी पीएनजी, असा विवेक ठेवावा.

आता प्रत्यक्ष कृती. एक्सेलमधील आलेख निवडून त्याची प्रत घ्यावी. पॉवरपॉइंटमध्ये आल्यावर साधे पेस्ट न करता कंट्रोल, आल्ट व व्ही या कळा एकत्र दाबून ‘पेस्ट स्पेशल’ची चौकट उघडावी आणि तेथे ‘एन्हान्स्ड मेटाफाइल’ हा पर्याय निवडावा. आलेख रेषांच्या स्वरूपातच स्लाइडवर येतो व हवा तेवढा मोठा करता येतो. साधे पेस्ट केल्यासही तीक्ष्णता टिकते, कारण तेव्हा जिवंत आलेखच येतो; परंतु त्यात एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. आलेखासोबत कार्यपुस्तिका अंतर्भूत करण्याचा पर्याय निवडल्यास संपूर्ण एक्सेल पुस्तिका स्लाइडच्या आत जाऊन बसते. तिच्या दुसऱ्या पानावर रुग्णांची नावे, वये व दूरध्वनी क्रमांक असतील, तर परिसंवादानंतर आपली फाइल मागून घेणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ती सर्व माहिती पडते. आलेखावर उजवे क्लिक करून ‘एडिट डेटा’ निवडण्याचाच काय तो अवकाश. प्रस्तुत लेखकाच्या मते केवळ एवढ्या एका कारणासाठीही मेटाफाइलचा मार्ग श्रेयस्कर आहे.

मेटाफाइललाही एक पथ्य आहे. तीत अक्षरे फॉन्टच्या आधाराने राहतात. आलेखाची शीर्षके जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित केली असतील आणि सभागृहातील संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर ‘संधिशूल’ऐवजी रोमन अक्षरांची अर्थहीन माळ दिसते. यासाठी युनिकोड टंकलेखन करावे, विंडोजसोबत येणारा निर्मला हा फॉन्ट वापरावा. जुन्याच फॉन्टचा आग्रह असेल तर आलेख पीएनजी म्हणून पेस्ट करावा.

चित्र ठिपक्यांचे असेल तेव्हा खरी सावधगिरी लागते ती पॉवरपॉइंटच्या एका मुकाट सवयीबाबत. फाइल साठविताना हा प्रोग्राम चित्रे आपोआप आकुंचित करतो, आणि तेही चित्र त्या क्षणी स्लाइडवर जेवढ्या आकाराचे दिसते त्या हिशेबाने. समजा, ही मर्यादा दर इंचास २२० पिक्सेल आहे. आपण उत्तम आलेख आणला, कोपऱ्यात तीन इंच रुंद करून ठेवला व फाइल साठविली. त्याचे आता सुमारे ६६० पिक्सेल उरले. दुसऱ्या दिवशी तोच आलेख ओढून बारा इंच केला, तर दर इंचास ५५ पिक्सेल येतात. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर तेवढ्या भागास सुमारे १७२८ पिक्सेल लागतात. उरलेले संगणक अंदाजाने भरतो, आणि त्यालाच आपण धूसरपणा म्हणतो. गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. यावर उपाय सोपा आहे. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या क्रमाने जाऊन ‘इमेज साइझ अँड क्वालिटी’ या शीर्षकाखालील ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’समोर खूण करावी. ही खूण चित्रे आणण्यापूर्वीच करावी. फाइल ई-मेलने पाठविण्यासाठी लहान करायची असल्यास तिची वेगळी प्रत काढावी; मूळ फाइलला हात लावू नये.

एचपीटीएलसीचा आलेख प्रयोगशाळेकडून बहुधा पीडीएफमध्ये येतो. तो पडद्यावर आहे त्या आकारात टिपला तर पडद्यावर जेवढे पिक्सेल दिसतात तेवढेच हाती लागतात. म्हणून आधी पान तीनशे-चारशे टक्के मोठे करावे आणि मग आवश्यक तेवढा भाग टिपावा. त्याहून चांगले म्हणजे प्रयोगशाळेकडून पट्टिकेच्या छायाचित्राची मूळ फाइलच मागावी. दोन नमुन्यांतील फिकट पट्ट्यांवरच औषधाची ओळख अवलंबून असते, आणि आकुंचनात त्याच पट्ट्या आधी पुसल्या जातात. अशी चित्रे भ्रमणध्वनीवरून मागविताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फोटो’ म्हणून न मागता ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावीत, म्हणजे ती वाटेत आकुंचित होत नाहीत.

कागदावरील आलेखाचा भ्रमणध्वनीने फोटो काढून तो स्लाइडवर चिकटविण्याची प्रथा मात्र सोडून द्यावी. दहा-बारा अंकांचा आलेख एक्सेलमध्ये नव्याने काढण्यास एक चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो.

आलेख स्लाइडवर ज्या आकारात दिसावयाचा त्याच आकारात प्रथमपासून तयार करावा व अक्षावरील अंक किमान १८ पॉइंटचे ठेवावेत. देवनागरीत वेलांट्या, रफार व उकार यांना वरखाली जागा लागते, त्यामुळे इंग्रजीस पुरणारा आकार तिला अपुरा पडतो. रेषा दोन पॉइंटपेक्षा बारीक नसावी. कार्यक्रमाच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचून सर्वांत लहान अंक असलेली स्लाइड लावावी आणि शेवटच्या रांगेतून स्वतः वाचून पाहावी. काही सभागृहांत अद्याप १०२४ गुणिले ७६८ पिक्सेलचे जुने प्रोजेक्टर आहेत. तेथे सर्व काळजी घेऊनही सोळा स्तंभांचा आलेख वाचता येत नाही. अशा वेळी त्याचे दोन स्लाइडवर दोन भाग करावेत आणि मात्रेचे अंक मुखाने स्पष्ट उच्चारावेत.